काळ्या रानातून अंबाजोगाई: पावसात कॅमेरे आणि सेन्सर कसे सांभाळावेत

श्रावणात छत्रपती संभाजीनगरहून योगेश्वरीच्या दर्शनाला अंबाजोगाईला जाऊन आलो. गेवराई, बीड, मांजरसुंबा, नेकनूर, केज हा नेहमीचाच मार्ग. मांजरसुंब्यापर्यंत धुळे-सोलापूर महामार्ग आहे, त्याबद्दल वेगळं काय सांगायचं? शहागडच्या पुलावर गोदावरी बघायला मात्र गाडी उभी करू नका, मागून ट्रक सुसाट येतात.

महामार्गावर धो धो पाऊस लागला, पण कॅमेऱ्यांनी फारशी कुरकुर केली नाही. रस्ता आणि समोरच्या गाड्या ओळखणारा पुढचा कॅमेरा काचेच्या आत, आरशामागे असतो आणि समोरची काच वायपर पुसत राहतो. वायपरचं रबर कडक झालं असेल तर काचेवर फरांटे उठतात आणि कॅमेऱ्यालाही तेच दिसतात, म्हणून पावसाळ्याआधी ते बदला. फास्टॅगही या कॅमेऱ्यासमोर चिकटवू नका. काचेला आतून वाफ धरली की एसी लावून हवा काचेकडे सोडायची.

खरा ताप केजच्या रस्त्याला सुरू झाला. रानातून निघालेले ट्रॅक्टर चाकांतली काळी माती डांबरावर सांडत जातात. ही माती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी चिकटते. धावत्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो, तो चाकांनी उडवलेला रेंदा थेट डिक्कीवर आणून टाकतो. सपाट पाठीच्या गाड्यांना हा त्रास जास्त. नेकनूरच्या पुढे माझा मागचा कॅमेरा ठार आंधळा झाला होता आणि पार्किंग सेन्सर मागे कोणी नसताना कोकलत होते. माती साचली की ते असं तरी करतात, नाहीतर मागे खांब असूनही गप्प बसतात. दुसरं जास्त वाईट.

समोरच्या गाडीचं अंतर मोजणाऱ्या पुढच्या रडारला पावसाचं फार वावडं नसतं, ओल्या चिखलाच्या थराचं असतं. थर जाड झाला की गाडी संदेश दाखवते आणि क्रूझ, म्हणजे समोरच्या गाडीप्रमाणे आपोआप वेग सांभाळणं, बंद करते. मी तर मांजरसुंबा सोडतानाच ते बंद करतो. शेरडं, बैलगाड्या, उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल, इथे पाय ब्रेकजवळच बरा. आणि हो, दर्शनानंतर हार घालायची हौस असेल तर तो बॉनेटवर ठेवा. रडार कुठे आहे ते गाडीच्या पुस्तकात बघा. बहुतेक वेळा ते जाळीत किंवा खालच्या बंपरमध्ये असतं, नेमकं जिथे आपण हार किंवा लिंबू-मिरची बांधतो.

साफ करताना एकच पथ्य: आधी पाणी, मग फडकं. मातीत बारीक खडे असतात, कोरडं घासलं की कॅमेऱ्याच्या भिंगावर कायमचे ओरखडे पडतात. बाटलीभर पाणी ओतून थोडं भिजू द्यायचं, पुन्हा ओतायचं, मग मऊ मायक्रोफायबरने हलकं टिपायचं. पेट्रोल, थिनर अजिबात नको. वॉशिंग सेंटरवर प्रेशरची बंदूक सेन्सरच्या अगदी जवळ धरू देऊ नका. काचेला लावायचं पाणी झटकणारं द्रावण भिंगावर लावलं तर थेंब निसटतात, पण या मातीपुढे त्याचं काही चालत नाही.

म्हणून पाण्याच्या दोन जास्तीच्या बाटल्या डिक्कीत नको, पुढच्या दारात हाताशी ठेवा. परतीला मांजरसुंब्यात चहाला थांबलात की ढाब्यावरचा पोरगा कोरडं फडकं घेऊन धावत येईल. त्याच्या हातात आधी पाण्याचा मग्गा द्या.