मंगळावर उडालेला मोबाइलचा प्रोसेसर

मोटारींच्या ब्रेक आणि स्टिअरिंगसाठी लागणाऱ्या कंट्रोलर बोर्डांवर माझी नोकरीची बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे मंगळावरच्या ‘इंजेन्युइटी’ हेलिकॉप्टरच्या पात्यांपेक्षा त्याच्या पोटातल्या बोर्डांचे मला अधिक कौतुक वाटते. त्या बोर्डांवर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे दोन ‘हर्क्युलिस’ मायक्रोकंट्रोलर होते; ही चिप मुळात मोटारींसारख्या, जिथे चूक जिवावर बेतू शकते अशा कामांसाठी बनवलेली. तिच्याच शेजारी क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन 801 होता. हाच प्रोसेसर असलेला माझा जुना वनप्लस वन फोन आजही टेबलाच्या खणात पडून आहे.

ज्या ‘पर्सिव्हरन्स’ रोव्हरच्या पोटाखाली बसून हे हेलिकॉप्टर मंगळावर उतरले, त्याचा मुख्य संगणक आरएडी 750 या प्रोसेसरवर चालतो आणि त्याचा वेग जास्तीत जास्त 200 मेगाहर्ट्झ आहे. तोही मूळचा बाजारातलाच: पूर्वीच्या आयमॅकमध्ये असलेल्या पॉवरपीसी 750 ची ती किरणोत्सर्गाला दाद न देणारी आवृत्ती. परंतु खालची जमीन दाखवणाऱ्या कॅमेऱ्याची सेकंदाला 30 छायाचित्रे तपासून, त्यावरून आपण कुठे आहोत हे हवेत असतानाच ठरवायचे, तेही अवघ्या 1.8 किलो वजनाच्या यंत्रात, हे काम त्या वेगात आणि वजनात बसणारे नव्हते. म्हणून मोबाइलचा प्रोसेसर घेतला गेला.

अडचण अशी की वैश्विक किरणांतला एखादा कण साध्या चिपमधून गेला, तर मेमरीतला शून्याचा एक होऊ शकतो, आणि नशीब फारच वाईट असेल तर चिपमध्ये विजेला आडवाट सापडून, वेळेत पुरवठा न तोडल्यास ती जळूनही जाते. यावर उपाय म्हणून चिप मजबूत करण्याऐवजी तिच्यावर पहारा बसवण्यात आला. हर्क्युलिसमध्ये दोन कोअर, म्हणजे चिपमधले गणना करणारे भाग, एकच सूचना चालवतात आणि दोघांची उत्तरे सतत ताडून पाहिली जातात. उत्तरे जुळली नाहीत की चिप स्वतःच चूक झाल्याचे कळवते. मोटारीत आम्ही याच गुणासाठी ती वापरतो. इथे मात्र अशा दोन चिप्स होत्या आणि त्यांच्यावर लष्करी दर्जाची एक एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी ठरवता येणारी चिप), जी एका चिपचा भरवसा उरला नाही तर उड्डाणाची सूत्रे दुसरीकडे देऊ शकत होती. मला विचाराल तर या यंत्रातली खरी कारागिरी या पहाऱ्यात आहे.

22 मे 2021 च्या सहाव्या उड्डाणात घडलेला प्रसंग मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. सुमारे 54 व्या सेकंदाला कॅमेऱ्याचे एकच छायाचित्र वाटेत हरवले आणि त्यापुढच्या प्रत्येक छायाचित्रावर चुकीची वेळ पडू लागली. हेलिकॉप्टर जुन्या दृश्याला नवे समजून स्वतःला सावरू पाहत होते आणि त्या धडपडीत 20 अंशांहून अधिक झुकत होते. तरीही ते ठरल्या जागेपासून सुमारे पाच मीटरच्या आत सुखरूप उतरले, कारण नियंत्रणाच्या रचनेत पुरेशी सवड ठेवलेली होती आणि उतरताना शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्यावर विसंबायचेच नाही, असे आधीच ठरवलेले होते.

2022 च्या जूनमध्ये कलमापक निकामी झाला. उड्डाणापूर्वी यंत्र किती कललेले आहे हे सांगणे एवढेच त्याचे काम असल्याने, दुसऱ्या संवेदकाच्या मोजमापांवरून तेच काम करून घेणारी दुरुस्ती पृथ्वीवरून पाठवण्यात आली आणि उड्डाणे पुन्हा सुरू झाली.

पाच उड्डाणांसाठी पाठवलेले हे यंत्र 72 वेळा उडाले. 18 जानेवारी 2024 च्या शेवटच्या उड्डाणात, खुणेला धरावे असे काहीच नसलेल्या गुळगुळीत वाळूवर त्याला आपला वेग नीट कळला नाही आणि त्याची पाती मोडली. बोर्ड मात्र शाबूत राहिले. रात्री उणे 80-90 अंशांपर्यंत उतरणाऱ्या थंडीत इतके दिवस काढलेल्या त्या बोर्डांसाठी नासाने शेवटचे सॉफ्टवेअर पाठवले: रोज जागे व्हायचे, सौर पट्टी, बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स तपासायचे, एक छायाचित्र घ्यायचे आणि तापमानासह सारे साठवून ठेवायचे. अशा सुमारे 20 वर्षांच्या नोंदी मावतील एवढी जागा त्याच्या मेमरीत आहे, आणि रोव्हर दूर निघून गेल्यावर त्या वाचायला कोणीतरी तिथवर जावे लागेल.