हॉलमध्ये आई झोपते, कोपऱ्यात टेपा चालतात

धाकट्या काकांनी 2003 ते 2011 या काळात कुडाळ-वेंगुर्ला भागातल्या जत्रांचे दशावतार मिनी-डीव्ही (छोट्या डिजिटल टेपेच्या) कॅमेऱ्यावर टिपून ठेवले. एकूण 142 टेपा. त्या उतरवून घ्यायला वेगवान पण शांत कॉम्प्युटर कसा जमवला, त्याची ही हकीकत. नाटक रात्रभर चालायचं, त्यामुळे एका रात्रीच्या पाच-सहा टेपा सहज व्हायच्या. त्या त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून माळ्यावर ठेवल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी मी गावी गेले तेव्हा डबे खाली काढून माझ्यापुढे ठेवले. "ह्यो टेपी तुझ्याकडेच ऱ्हवांदेत गो, हयसर बुरशी धरतली," म्हणाले. वरच्या डब्यातल्या तीन टेपांच्या कडेला पांढरी बुरशी आलेलीच होती.

डोंबिवलीला आणल्यावर लगेच कामाला लागले. टेप कॅमेऱ्यात घालायची, फायरवायरच्या वायरीने जुन्या कॉम्प्युटरला जोडायची आणि तासाभराची टेप तासभरच चालवायची. यात घाई करताच येत नाही. एका तासाची फाइल साधारण 13 जीबी होते. इथवर सगळं सोपं. वेळ खाते ती पुढची पायरी. हे चित्रण इंटरलेस्ड आहे, म्हणजे सेकंदाला 25 चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांचं. एका अर्ध्यात विषम ओळी, दुसऱ्यात सम, आणि दोन्हींमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. देव आणि राक्षसाचं तलवारयुद्ध थांबवून बघितलं की तलवारीच्या कडेला फणीचे दात दिसतात, कारण तेवढ्यात तलवार पुढे सरकलेली असते. ते दात काढून सेकंदाला पूर्ण 50 चित्रं करायची तर चांगल्या पद्धतीला वेळ लागतो. मी त्यासाठी क्यूटीजीएमसी नावाची पद्धत वापरते आणि मग एक्स-265 या प्रोग्रामने, 'स्लो' म्हणजे सावकाश सेटिंगवर, एनकोड करते, म्हणजे फाइल दाबून लहान करते. एका टेपेत 1,80,000 चित्रं होतात. चार कोरच्या (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग), 2014 च्या माझ्या आय-5 प्रोसेसरवर एका टेपेला सहा तास लागायचे.

सहा तास लागले तरी मी थांबले असते. अडचण आवाजाची होती. आमचं घर वन बीएचके, कॉम्प्युटर हॉलच्या कोपऱ्यात आणि त्याच हॉलमध्ये दिवाणावर आई झोपते. तिची झोप आधीच सावध. प्रोसेसरबरोबर आलेला तो छोटासा पंखा पूर्ण कामाला लागला की घूंऽऽ करत चढायचा, दहा सेकंदांनी उतरायचा, परत चढायचा. तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठले तर आई उशी घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर झोपलेली. त्या दिवसापासून रात्रीचं एनकोडिंग बंद केलं. दिवसा मी कामावर, शनिवार-रविवारी मिळून तीन टेपा. या हिशोबाने उरलेल्या टेपांना वर्ष गेलं असतं, आणि बुरशी काही थांबणार नव्हती.

भाच्याने सोपा उपाय सुचवला. त्याच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये एन्व्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आहे, त्यातला एनव्हेंक हा एनकोडर एनकोडिंगचं काम फार झटपट करतो. करून पाहिलं. आख्ख्या तासाची टेप काही मिनिटांत झाली, आणि मी हरखून फाइल उघडली. संकासूर हा राक्षस येतो तो प्रसंग लावला. काळा वेष, मागे काळोख, रंगमंचावर दोन हॅलोजन. मूळ टेपेत त्या काळोखात कॅमेऱ्याचे बारीक कण दिसतात आणि त्या कणांतूनच कपड्याची चुणी, हाताची हालचाल कळते. एनव्हेंकच्या फाइलमध्ये तिथे चौकोनी ठिगळं होती आणि संकासुराचा हात मागच्या पडद्यात विरून गेला होता. फाइलचा आकार मी मुद्दाम दोन्हीकडे सारखा ठेवला होता. आकार दुपटीने वाढवला असता तर फरक कमी झाला असता, हे मान्य. दुपारच्या उन्हातल्या क्रिकेटला मीही तेच वापरलं असतं. पण रात्रीच्या दशावताराचं अर्धं चित्र अंधारातच असतं, आणि तो अंधार मला जपायचा होता. तेव्हा ठरलं, काम प्रोसेसरवरच करायचं. त्यासाठी वेगवान प्रोसेसर हवा आणि तो आईच्या डोक्यापासून सहा फुटांवर चालायला हवा.

2024 च्या मे महिन्यात ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर, मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, गेले. पहिल्याच दुकानातल्या मुलाने ऐकल्या ऐकल्या सांगितलं, "मॅडम, व्हिडिओला सोळा कोरच घ्या, सोबत लिक्विड कूलर, आणि ग्राफिक्स कार्ड मोठं." तो दाखवत होता तो रायझन 9 7950एक्स. प्रोसेसर उत्तमच आहे, पण जोरात चालला की 230 वॅटपर्यंत ओढतो. इंटेलचा आय-9 13900के तर 253 पर्यंत जातो. एवढी उष्णता कुठेतरी बाहेर टाकावीच लागते, आणि मे महिन्यात आमच्या हॉलमध्ये आधीच 34 अंश असतात.

दुसरी गोष्ट मला घरच्या प्रयोगांतून कळली होती आणि खरेदीत तीच सगळ्यात उपयोगी पडली. एक्स-265 चित्राचे 64 पिक्सेल उंचीचे आडवे पट्टे पाडतो आणि वेगवेगळे कोर वेगवेगळ्या पट्ट्यांवर लावतो. फोर-के चित्राची उंची 2160, तिथे भरपूर पट्टे. माझ्या टेपेची उंची 576. भागून बघा, बरोबर 9 पट्टे, आणि त्यातही खालचा पट्टा वरच्याच्या जरा मागूनच चालू शकतो. नऊ ओळींच्या कुणग्यात (भाताच्या छोट्या शेतात) लावणीला सोळा गडी उतरवले तर उरलेले बांधावरच उभे राहणार. पुढच्या एक-दोन चित्रांचं काम तो सोबत हाती घेतो, म्हणून अगदी कोरडं जात नाही, पण सोळा कोरांची मजुरी वसूल होत नाही. याला उपाय एकच, कुणगे वाढवायचे. एकाच वेळी दोन-तीन टेपा लावायच्या. मग बारा कोर नीट भरतात.

म्हणून रायझन 9 7900 घेतला, नावापुढे एक्स नसलेला. 12 कोर, आणि मूळ सेटिंगलाच 88 वॅटच्या वर जात नाही. त्यात जेमतेम कामापुरतं ग्राफिक्सही असतं, त्यामुळे वेगळं कार्ड घ्यायची गरज नाही. कार्ड नाही म्हणजे त्याचे दोन-तीन पंखेही नाहीत. काकांना आणि कलाकारांच्या घरच्यांना फोनवर पाठवायची हलकी प्रत मी त्याच ग्राफिक्सवर काढते. तिथे ठिगळं चालतात. मॅक मिनीचाही विचार झाला होता, शांततेत त्याला तोड नाही. पण मेमरी आणि आतली साठवण पुढे वाढवता येण्यासारखी नव्हती, आणि मला ती वाढवावी लागणार हे दिसत होतं.

प्रोसेसरसोबत पंखा फुकट मिळतो, तो खोक्यातच ठेवला. पंख्यांचं गणित एकदा समजलं की बाकीचा गोंधळ संपतो. फेरे निम्मे केले की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. 10 डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्म्याने कमी वाटतो. म्हणजे मोठा पंखा हळू फिरवण्यात सगळा फायदा आहे, छोटा पंखा जोरात फिरवण्यात सगळा तोटा. लिक्विड कूलरमध्ये पंखे असतातच, वर पाणी खेळवणाऱ्या पंपाची बारीक गुणगुण. मी डीपकूलचा एके620 हा नुसत्या हवेवर चालणारा कूलर घेतला, दोन मनोऱ्यांचा, 120 मिलिमीटरचे दोन पंखे. उंची 160 मिलिमीटर आहे, म्हणून कॅबिनेट घेताना मोजपट्टी लावून मोजूनच घेतलं. पुढून जाळी, आत तीन मोठे पंखे. काचेचं बंद तोंड असलेली कॅबिनेटं दिसायला छान दिसली, पण हवा आत यायला वाटच नाही. 32 जीबी मेमरी, 2 टीबीची एसएसडी, गोल्ड दर्जाचा पॉवर सप्लाय. सगळं मिळून लाखाच्या आत बसलं.

पहिल्या रात्री तीन टेपा लावल्या आणि दिवा मालवला. पंखे ऐकू येत नव्हते, पण एक जाड, खालच्या पट्टीतली घूं मात्र येत होती, तंबोऱ्याची एकच तार लावून ठेवावी तशी. मी अंधारात कॅबिनेटला कान लावला, तिथे नव्हती. टेबलावर तळहात ठेवला आणि कळलं. मूळ फाइली ठेवायची बाहेरची हार्ड डिस्क टेबलावर होती. ती मिनिटाला 7200 फेरे फिरते आणि पोकळ प्लायवूडचं टेबल तिच्याबरोबर घुमत होतं. कुकरची जुनी कडक झालेली रिंग आईने टाकून दिली नव्हती, ड्रॉवरमध्ये होती. तिचे चार तुकडे कापून डिस्कखाली ठेवले, पण घूं जरासुद्धा कमी झाली नाही, कारण रबरच कडक. सकाळी नवी, मऊ रिंग आणून कापली. तेव्हा गेली. डिस्क नंतर मी कपाटात साड्यांच्या घडीवर ठेवून पाहिली, पण ती तापली, म्हणून परत रबरावर आली.

पंख्यांचं सेटिंग बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) सपाट केलं. 75 अंशांपर्यंत एकच वेग, चढउतार नाही. आवाजापेक्षा आवाजाचं बदलणं झोप मोडतं, हे आईकडे बघून शिकले. छताचा पंखा रात्रभर खडखडतो आणि तिला त्याचा काही त्रास नाही.

मग एक पाऊल आणखी टाकलं. 88 वॅटची मर्यादा हाताने 65 वर आणली. बायोसमध्ये पीबीओच्या (प्रोसेसरचा वेग आणि वीज ठरवणाऱ्या) पानावर पीपीटी नावाचा, वीजमर्यादेचा रकाना असतो. काही बोर्डांवर आकडा मिलिवॅटमध्ये लागतो, म्हणजे 65000. तीन टेपांना आधी सव्वातीन तास लागत होते, आता पावणेचार लागतात. एवढंच नुकसान. प्रोसेसरला शेवटचा थोडा वेग गाठायला व्होल्टेज बरंच चढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते, त्यामुळे तो शेवटचा टप्पा सोडून दिला की उष्णता भसकन उतरते. कूलरचे पंखे 1100 फेऱ्यांवरून 700 वर आले. गणिताने ते साधारण 10 डेसिबल होतात. मी डेसिबल मोजायला गेले नाही. दिवाणावर झोपून भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते का, एवढंच बघितलं. येते. मी साडेअकराला टेपा लावते आणि सहाला उठते, मग तो अर्धा तास मला कशाला हवा?

या शांततेचा एक उपयोग मी घेताना धरलाच नव्हता. एनकोड झालेली प्रत तपासायला आता हेडफोन लागत नाही, बारीक आवाजात स्पीकरवर लावता येते. परवा 2006 ची एक टेप लावली होती. पहाटेचा भाग, दहीकाल्याच्या आधीचा, पेटी आणि पखवाज, लांबून कोंबडा. आई भाजी निवडता निवडता थांबली. "पेटी खालच्या काळी दोनला धरलीय," म्हणाली, "गाणाऱ्यांचा गळा बसलाय, रात्रभर गायलेत ना." मी तीच टेप जुन्या कॉम्प्युटरवर दोनदा बघितली होती. गळा बसलेला मला ऐकूच आला नव्हता.

धूळ हा एक जाच आहे. पुढच्या जाळीवरचं गाळणं दर दुसऱ्या रविवारी धुवावं लागतं, नाहीतर पंखे आपोआप चढतात आणि सगळं मुसळ केरात. वीज जाते म्हणून यूपीएस लावला आहे. एवढ्या कमी वॅटवर तो चांगला वेळ तग धरतो.

आज 97 वी, 98 वी आणि 99 वी लावल्या आहेत. बुरशीच्या तीन टेपा सगळ्यात शेवटी घेणार आहे, कारण बुरशी कॅमेऱ्याच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागली तर पुढच्या सगळ्या टेपा बिघडतील, आणि चालणारा तसा कॅमेरा माझ्याकडे एकच आहे. त्या आधी कुणाकडून स्वच्छ करून घ्यायच्या ते काकांना फोन करून विचारायचंय. त्यांच्या ओळखीचा एक जण सावंतवाडीला आहे, असं ते मागे बोलले होते.