आठवड्याला पाच फोटो आणि एक चिठ्ठी: घरची फोटोवही मागे पडू नये म्हणून

फोटो वहीच्या प्लॅस्टिकच्या कप्प्यात सरकवायला पाच मिनिटं पुरतात. घोडं अडतं ते त्याआधी. कोणते फोटो घ्यायचे, किती, कोणत्या आकारात, पान कसं मांडायचं, शेजारी कोणता कागद, त्यावर लिहायचं काय, असे पंचवीस-तीस बारीक निर्णय एकेका आठवड्यापायी घ्यावे लागतात. वर्षाच्या सुरुवातीला हौस असते, म्हणून ते भराभर उरकतात. तिसऱ्या महिन्यात तेच निर्णय जड जातात. एक आठवडा राहतो, मग त्याच्यामागे दुसरा आणि बघता बघता दोन महिन्यांचा अनुशेष तयार होतो. यावर उपाय म्हणजे हे निर्णय वर्षारंभी एकदाच घेऊन टाकायचे आणि मग वर्षभर त्यांना हात लावायचा नाही.

पहिला निर्णय वहीच्या आकाराचा. कप्प्यांच्या वह्यांमध्ये १२ × १२ इंचाचं पान सर्वात प्रचलित आहे. त्याच्या नेहमीच्या मांडणीत ६ × ४ चे चार आणि ३ × ४ चे चार कप्पे असतात, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांत सोळा. ३ × ४ चे दोन फोटो ६ × ४ च्या एका प्रिंटवर बसतात, तरीही सगळे कप्पे भरायला आठवड्याला १२ प्रिंट लागतात, वर्षाला ६२४. ज्यांच्या वह्या अर्ध्यावर थांबल्या आहेत त्यांच्यातल्या बहुतेकांचं गणित इथेच चुकलेलं असतं.

त्याऐवजी ६ × ८ इंचाचं पान घ्यावं. वर ६ × ४ चा एक आडवा कप्पा, खाली ३ × ४ चे दोन उभे. समोरासमोरच्या दोन पानांत सहा कप्पे: दोन मोठे फोटो, तीन लहान फोटो आणि एक चिठ्ठी. हा झाला एक आठवडा. प्रिंट फक्त चार, वर्षाला २०८. एवढंही झेपणार नसेल तर आठवड्याला एकच बाजू ठेवावी: एक मोठा फोटो, एक लहान, एक चिठ्ठी. मग ५२ आठवडे २६ पानांच्या दोन्ही बाजूंवर बसतात आणि अख्खं वर्ष एका वहीत मावतं. दोन बाजूंच्या मांडणीला ५२ पानं लागतात. तेव्हा वर्षाच्या दोन वह्या करणं बरं, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर. एका रिंगमध्ये ५२ पानं कोंबली की ती नीट उलटत नाहीत आणि छिद्रांपाशी फाटतात. वही शिवलेली किंवा चिकट बांधणीची नको, रिंगचीच हवी. मागून एखादं पान मध्ये घालता येणं ही या कामातली सर्वात मोठी सोय आहे.

आता आकारांचं एक गुपित, जे माहीत असलं की कापाकापीतला अर्धा त्रास वाचतो. बहुतेक फोन मूळ सेटिंगवर ४:३ प्रमाणात फोटो काढतात. ३ × ४ चा कप्पा नेमका त्याच प्रमाणाचा आहे, त्यामुळे उभा फोटो तिथे काहीही न कापता बसतो. ६ × ४ चं प्रमाण मात्र ३:२. आडवा फोटो तिथे बसवताना उंचीचा नववा भाग जातो, म्हणजे वरून डोकी किंवा खालून पावलं. म्हणून माणसांनी काठोकाठ भरलेला फोटो लहान कप्प्यात टाकावा. ज्यात वर-खाली मोकळी जागा आहे तो मोठ्यात. फोन हातात उभा धरायची सवय असल्यामुळे आठवड्याअखेर सगळे फोटो उभेच निघतात आणि मोठे कप्पे रिकामे राहतात. आठवड्यातून दोन-तीनदा मुद्दाम फोन आडवा धरायचा. तेही राहिलंच, तर दोन उभे फोटो शेजारी शेजारी ठेवून एका मोठ्या कप्प्यात बसवता येतात.

लहान फोटो छापण्यासाठी १८०० × १२०० पिक्सेलची कोरी चौकट एकदाच तयार करून ठेवावी. तिच्या दोन अर्ध्यांत ९०० × १२०० चे दोन फोटो बसवायचे. हे इंचाला ३०० पिक्सेल झाले, प्रिंटसाठी पुरेसे. चौकट एकदा बनली की दर वेळी फक्त फोटो बदलायचे. छापून आल्यावर मधोमध कापायचं आणि कापलेल्या कडेचा एक मिलिमीटर आणखी काढायचा, नाहीतर तुकडा कप्प्यात अडकतो आणि ढकलताना कोपरा दुमडतो. बिनकिनारीचं प्रिंट करताना यंत्र चित्र थोडं मोठं करतं आणि चारी बाजूंचे दोन-तीन मिलिमीटर खातं. त्यामुळे चेहरा किंवा अक्षरं अगदी काठाला ठेवू नयेत.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचं वेगळं दुखणं आहे. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन येतो, पण ३ × ४ च्या कप्प्याला तो बहुधा पुरतो. खरी अडचण तारखेची. फोटो केव्हा काढला ही नोंद वाटेत पुसली जाते आणि फोन त्याला आपल्याकडे आला त्या दिवसात टाकतो. मावशीने तीन आठवड्यांनी पाठवलेला फोटो त्यामुळे तीन आठवडे पुढे जाऊन बसतो. असा फोटो आला की त्याच दिवशी योग्य आठवड्याच्या फोल्डरमध्ये हलवावा किंवा पाठवणाऱ्याला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावा. तसा आलेला फोटो मूळ आकारात आणि तारखेसह येतो. फोल्डरला नाव देताना वर्ष, महिना, दिवस हा क्रम ठेवावा: २०२६-०३-०९. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकाखाली एक येतात.

आठवडा सोमवार ते रविवार धरावा. वर्ष बदलताना अर्धा आठवडा इकडे आणि अर्धा तिकडे जातो. तिथे आंतरराष्ट्रीय मानकाचा नियम सोपा आहे: आठवड्यातला गुरुवार ज्या वर्षात, तो आठवडा त्या वर्षाचा. या हिशेबाने २०२६ मध्ये ५३ आठवडे येतात, तेव्हा एक पान जास्त लागेल.

रोजचं काम एवढंच, की रात्री दिवसभराचे फोटो एकदा चाळायचे आणि आवडलेल्यांवर हृदयाची खूण करायची. एक मिनिट. त्या वेळी काही पुसायचं नाही, काही सजवायचं नाही. रविवारी वीस मिनिटं बसायचं आणि खुणा केलेल्यांतून पाच निवडायचे. ही निवड लांबू नये म्हणून पाच जागा आधी ठरलेल्या असाव्यात. मोठ्या कप्प्यांत एक जागा दिसणारा फोटो आणि एक दोघं-तिघं एकत्र असलेला. लहान कप्प्यांत एक जवळून घेतलेला चेहरा, एक कामात गुंतलेले हात आणि एक निर्जीव वस्तू: चपलांचा ढीग, शाळेच्या वहीचं पान, तुटलेलं खेळणं. वीस वर्षांनी सर्वात जास्त वेळ याच शेवटच्या फोटोवर जातो असं माझं ठाम मत आहे, कारण वस्तू घरातून कधी गेल्या हे कोणाच्या लक्षातच राहत नाही. आणखी एक गोष्ट: फोटो काढणारं माणूस वहीत नसतं. महिन्यातून एकदा तरी फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचाच.

चिठ्ठी त्याच बैठकीत लिहायची. फोटो नंतर कधीही छापता येतो, आठवडा मात्र लिहिला नाही तर जातो. ३ × ४ च्या कार्डावर हाताने चाळीस-पन्नास शब्द मावतात. वर तारखा, मग फोटोत कोण आहेत, कोणीतरी बोललेलं एक वाक्य जसंच्या तसं आणि त्या आठवड्यातली एक साधी गोष्ट. नावं पूर्ण लिहावीत. नुसतं ‘आई’ किंवा ‘आजी’ लिहिलं तर चाळीस वर्षांनी वाचणाऱ्याने कोणाची आई, कोणाची आजी समजायचं? कार्डासाठी २०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) किंवा त्याहून जाड कागद आणि लवकर न फिकटणाऱ्या पिगमेंट शाईचं, ०.३ ते ०.५ मिमी टोकाचं पेन घ्यावं. जेल पेन फोटोच्या चकचकीत कागदावर फासतं आणि बॉलपेनने फोटोच्या मागे लिहिलं तर पुढे वळ उठतो. फार घाईच्या आठवड्यात चिठ्ठी टाइप करून, तिसऱ्या लहान फोटोशेजारी छपाईच्या चौकटीचा जो अर्धा भाग मोकळा राहतो त्यात छापली तरी चालेल. पण एरवी हातानेच लिहावं, हस्ताक्षर हाही ऐवजच आहे.

प्रिंट महिन्यातून एकदाच. चार आठवड्यांचे सोळा. बाहेर छापून घेत असाल तर रंग आपोआप सुधारण्याचा पर्याय बंद करायला सांगावं. नाहीतर एकाच संध्याकाळचे दोन फोटो एक पिवळा आणि एक निळसर येतो. घरच्या इंकजेटचं प्रिंट पूर्ण दिवसभर उघडं सुकू द्यावं. लगेच कप्प्यात टाकलं तर शाईतली वाफ आत कोंडते, प्लॅस्टिकवर धुकं धरतं आणि फोटो चिकटतो. चकचकीत कागद दमट हवेतही प्लॅस्टिकला चिकटतो, म्हणून मॅट किंवा लस्टर (अर्धवट चकाकीचा) बरा. कप्पे पॉलिप्रॉपिलीनचे किंवा पॉलिस्टरचे असावेत. नव्या रेनकोटसारखा उग्र वास येत असेल तर ते पीव्हीसी समजावं आणि परत करावं. त्यातून आम्ल सुटतं आणि फोटो खराब होतो. कागद आम्लरहित आणि लिग्निनरहित (लिग्निन म्हणजे कागद पिवळा पाडणारा लाकडातला घटक). सजावटीचे मणी, बटणं, जाड स्टिकर मात्र सरळ वगळावेत, कारण त्यांनी वही फुगते आणि समोरच्या फोटोवर ठसा पडतो.

लग्न, सहल, बारसं अशा आठवड्यात दोनशे फोटो निघतात आणि तिथेच वही महिनाभर अडते. अशा आठवड्यालाही जागा पाचच. त्या प्रसंगासाठी जास्तीत जास्त एक पान मध्ये घालायचं, त्याच्या दोन बाजूंचे सहा कप्पे, बाकीचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये. त्यांचं पुस्तक करायचं असेल तर ते वेगळं काम आहे. आणि ज्या आठवड्यात फोटोच नाहीत तिथे नुसती चिठ्ठी लावावी. आजारपणाच्या आठवड्याची एकटी चिठ्ठी पुष्कळ सांगते.

आता आधीच मागे पडलेल्यांसाठी. सुरुवात चालू आठवड्यापासून करायची. जिथे सोडलं तिथून पुढे जाणारा माणूस जुने आठवडे भरत असताना नवे साचवत राहतो आणि कधीच गाठत नाही. पानावर ‘आठवडा १७’ असे आकडे घालू नयेत, फक्त तारखा लिहाव्यात. आकडे घातले की सुटलेला आठवडा दर वेळी डोळ्यांत खुपतो. तारखांमधली उडी कोणाला जाणवत नाही.

साचलेला काळ आठवड्यांनी भरायचा नाही, महिन्यांनी भरायचा. वीस आठवडे राहिले असतील तर आठवड्यांच्या हिशेबाने १२० कप्पे होतात. महिन्याला समोरासमोरची दोन पानं धरली की पाच महिन्यांचे तीसच. आधी अलीकडचा महिना घ्यावा, कारण तो अजून आठवतो. मग एकेक मागे जावं. चिठ्ठीसाठी काही सुचत नसेल तर त्या महिन्याचं कॅलेंडर आणि घरच्या ग्रुपवरचे निरोप चाळावेत, बोललेली वाक्यं तिथे जशीच्या तशी सापडतात. एका बैठकीत एकच जुना महिना, तोही चालू आठवड्याची चिठ्ठी लिहून झाल्यावर.