तुम्ही विचारलंत म्हणून: आरमध्ये एकाच नावाचे दोघे

‘व्हेरिएबलला मीन (सरासरी काढणारं फंक्शन) किंवा सी (किमती एकत्र जोडणारं फंक्शन) असं नाव दिलं, तर त्या नावाचं फंक्शन बंद पडतं का?’ पुण्यात स्टॅटिस्टिक्ससाठी आर ही प्रोग्रामिंग भाषा शिकणारी मुलं हे हमखास विचारतात.

बंद पडत नाही. नावाला लागून कंस दिसला की आर फक्त फंक्शन शोधतं. वाटेत त्याच नावाचा आकडा आला तर तो सोडून पुढे जातं. मीनमध्ये 10 ठेवले तरी मीन(पाऊस) सरासरीच देईल.

पण कंस नसला की ही सोय संपते. मीनमध्ये ‘मीडियन’ हा मजकूर ठेवलात आणि सॅप्लायला (प्रत्येक घटकावर दिलेलं फंक्शन चालवणाऱ्या फंक्शनला) नुसतं मीन दिलंत, तर तक्रार न करता मध्यक मिळतो. मीनमध्ये 10 असताना पर्र या पॅकेजातल्या मॅपला (तेही सॅप्लायसारखंच) ते दिलं, तर प्रत्येक घटकातली दहावी किंमत उचलली जाते, आणि ती नसेल तर नल, म्हणजे रिकामं उत्तर. एरर आली तर माणूस सावध होतो. खरी भीती या मुकाट चुकांची.

स्वतः लिहिलेल्या फंक्शनला तर काहीच संरक्षण नाही. एका एन्व्हायर्नमेंटमध्ये (आर नावं साठवतं त्या जागेत) एका नावाला एकच जागा असते. रेट नावाचं फंक्शन लिहून त्याचं उत्तर रेटमध्येच साठवलं, तर ती ओळ पहिल्यांदा चालते. दुसऱ्यांदा चालवली की फंक्शन सापडत नाही, कारण तिथे आता आकडा बसलाय.

टी हे अक्षर तर टाळाच. ट्रू (‘खरं’) हा राखीव शब्द आहे, टी हे त्याच अर्थाचं साधं व्हेरिएबल. तापमान साठवताना टीमध्ये 0 आलं, तर पुढे ‘एनए (नसलेल्या किमती) काढ, टी’ म्हणजे ‘काढू नको’ होतं. ट्रू पूर्ण लिहा. तक्त्याला अनेकजण डीएफ नाव देतात, पण डीएफ हे एफ-वितरणाचं फंक्शन आहे. तक्ता वाचायची ओळ चालवायची राहिली आणि डीएफला चौकोनी कंस लावला, की ‘क्लोजर’बद्दलची (क्लोजर म्हणजे फंक्शनच) ती गूढ एरर येते.

पॅकेजांचं (फंक्शनांच्या तयार संचांचं) भांडण वेगळं: दोघांत एकाच नावाचं फंक्शन असतं. नुसतं ‘जोशी’ लिहून पत्र पोचत नाही, सदाशिव की नारायण, पेठ लिहावी लागते. तसं डीप्लायर::फिल्टर, म्हणजे आधी पॅकेज मग फंक्शन, असं लिहा; डीप्लायर हे तक्ते हाताळायचं पॅकेज आहे. डीप्लायर लोड नसेल तर आरसोबत येणाऱ्या स्टॅट्स पॅकेजचं फिल्टर चालतं आणि ‘पाऊस’ सापडत नाही म्हणतं. मग मुलं कॉलमचं स्पेलिंग तपासत बसतात. लॅग (मागची किंमत देणारं) त्याहून वाईट: स्टॅट्सचं लॅग साध्या व्हेक्टरच्या किमती सरकवतच नाही, त्यामुळे आज वजा काल सगळीकडे शून्य. डीप्लायरनंतर मास हे पॅकेज लोड केलं तर सिलेक्ट मासचं होतं, कारण नंतर आलेलं पॅकेज पुढे उभं राहतं.

मोठ्या कामात कॉन्फ्लिक्टेड हे पॅकेज वापराच. संदिग्ध नाव आलं की ते थांबवतं. कोणतं हवं ते कॉन्फ्लिक्ट्स_प्रिफरने स्क्रिप्टच्या सुरुवातीला एकदाच सांगायचं.

नावं ठेवताना फंक्शनला क्रियापद, व्हेरिएबलला नाम: सरासरी_काढा आणि पाऊस_सरासरी. शंका आली तर ताज्या सेशनमध्ये एक्झिस्ट्सला ते नाव अवतरणात देऊन पाहा. चूक झालीच तर आरएम(मीन) केलं की तुमचं व्हेरिएबल जातं, मूळ फंक्शन जागेवरच असतं. आरस्टुडिओत (आर लिहायच्या ॲपमध्ये) बंद करताना वर्कस्पेस (सगळी व्हेरिएबल्स) साठवणं ‘नेव्हर’वर ठेवा, नाहीतर कालचा टी आज परत येतो.