ब्लू कार्ड मिळालं, पण पर्मनंट कधी?

2025 च्या सप्टेंबरात ट्रम्पनी नवीन एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर, एक लाख डॉलरची फी लावली आणि तेव्हापासून माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर "ताई, जर्मनीचं काय असतंय?" जे सुरू झालंय ते काही थांबेना. कॉलेजचे ज्युनियर, ज्युनियरचे चुलतभाऊ, एकदा तर सेलूच्या एका काकांनी पोराचा बायोडाटाच पाठवला, वर "योग्य ते करावे" लिहून, जसं काय मी इथं जर्मनीत पालकमंत्री आहे. सगळ्यांना वेगवेगळं टाइप करून बोटं दुखायलेत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

ब्लू कार्ड म्हणजे डिग्रीवाल्यांना इथं राहून नोकरी करायचा परवाना. आधी एक गोष्ट डोक्यातून काढा की ते म्हणजे अमेरिकेचं ग्रीन कार्ड. नाही. आपल्याकडं शिक्षणसेवक लागतो ना, तसं समजा. ऑर्डर हातात, शाळा मिळाली, पगार चालू, पण ठरलेला काळ नीट काढल्याशिवाय माणूस कायम होत नाही. माझे मामा झेडपीचे रिटायर्ड मास्तर, त्यांना एवढं सांगितलं की लगेच कळलं, आता दर फोनला एकच, "काहून गं, झालीस का नाही पर्मनंट अजून?"

तर हे कार्ड सगळं पगारावर चालतं. डिग्री पाहिजे, डिग्रीला शोभेल असं काम पाहिजे, कॉन्ट्रॅक्ट कमीत कमी सहा महिन्यांचं पाहिजे, हे सगळं आहेच, पण खरी मेख पगाराच्या आकड्यात. 2024 ला वर्षाला 45,300 युरो लागत होते, 2025 ला 48,300 झाले आणि 2026 ला 50,700. हा आकडा कुणी मनाला येईल तसा वाढवत नाही, इथं पेन्शनचे पैसे ज्या पगारापर्यंत कापतात त्या वरच्या मर्यादेच्या निम्मा धरतात, ती मर्यादा जानेवारीत वाढली की हाही वाढतो. इंजिनिअर, आयटीवाले, डॉक्टर असे जे कमी पडायलेत त्यांना आणि डिग्री होऊन तीन वर्षं झाली नाहीत अशांना थोडी सूट आहे, 2026 साठी 45,934 च्या वर पाहिजे. आयटीत तर डिग्री नसली तरी चालतं, मागच्या सात वर्षांत तीन वर्षांचा दमदार अनुभव दाखवता आला पाहिजे. आणि रिन्यू करताना त्या वर्षीचा आकडा बघतात बरं का, त्यामुळं अगदी काठावरचा पगार घेऊन खुश होऊ नका, कॉन्ट्रॅक्टमध्ये दरवर्षीची वाढ कशी आहे ते सही करायच्या आधी विचारा. इथं विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

आता गावाकडं काय होतं, लोक युरोला शंभरनं गुणतात. 50,700 गुणिले शंभर, म्हणजे पन्नास लाखाचं पॅकेज, आणि मग पोराला स्थळंही त्याच हिशोबानं यायला लागतात. अरे बाबा, तो ब्रुटो आहे, कापाकापीच्या आधीचा पगार! टॅक्स, पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा असं सगळं जाऊन एकट्या माणसाच्या हातात साधारण दोन तृतीयांश पडतं, त्यातनं घरभाडं, आणि म्युनिकसारख्या ठिकाणी असाल तर भाड्याचं तर बोलूच नका. वाईट नाही, चांगलं भागतं, पण परभणीत वसमत रोडला पुढच्याच वर्षी बंगला होईल असं काही नाही.

डिग्रीचं सांगते. ज्यांनी इथंच मास्टर्स केलंय त्यांना हा ताप नाही. जे भारतातली डिग्री घेऊन थेट नोकरीवर येणार त्यांना अनाबिन म्हणून एक सरकारी डेटाबेस आहे त्यात बघावं लागतं, तिथं आपलं कॉलेज शोधत बसू नका, डिग्री ज्यानं दिली ते विद्यापीठ शोधा, म्हणजे नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ किंवा आपलं बामू, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. त्यापुढं एच प्लस, म्हणजे विद्यापीठ इथं मान्य असल्याची खूण, आहे का बघा आणि डिग्रीचं नावही जुळतंय का बघा. नसेल तर झॅब म्हणजे परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या सरकारी ऑफिसकडून तुलनेचं सर्टिफिकेट काढायचं, त्याला 208 युरो लागतात.

आणि आपल्या भागाची एक खास भानगड. पासपोर्टवर जन्मठिकाण औरंगाबाद नाहीतर उस्मानाबाद, आणि 2023 ला जिल्ह्यांची नावं बदलल्यावर काढलेल्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर, धाराशिव. इथल्या क्लार्कला वाटतं ही दोन वेगळी गावं. माझ्या ओळखीच्या एका पोराला बायकोच्या कागदांसाठी ह्याच्यावरूनच पत्र आलं होतं. नावबदलाच्या राजपत्राची प्रत आणि तिचं भाषांतर फाइलला लावून ठेवा, काम होऊन जातं.

शिकायला येणाऱ्यांचं थोडक्यात: एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुमची भारतातली कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, 2022 च्या नोव्हेंबरपासून कंपल्सरी आहे, ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे ज्यातनं दर महिन्याला ठरलेलेच पैसे काढता येतात अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, आणि लोनला बँक सातबारा घेत नाही, एनए प्लॉट नाहीतर घर मागते, हे बापाला आधीच सांगा, नाहीतर ऐनवेळी काकाच्या प्लॉटवरून घरात महाभारत होतं. शिक्षण संपलं की नोकरी शोधायला 18 महिने मिळतात.

मला खरं बोलायचंय ते वेगळंच. कायदा चांगला आहे, कागदावर सगळं स्वच्छ लिहिलंय, अमेरिकेसारखी लॉटरी नाही की डझनावारी वर्षांची रांग नाही. जीव जातो तो ऑफिसची वाट बघण्यात. परदेशी लोकांच्या ऑफिसला इथं आउसलँडरबेहोर्डे म्हणतात आणि मोठ्या शहरात तिथं टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळवणं म्हणजे नशिबाचा खेळ. माझं कार्ड संपत आलं होतं, रिन्यूचा अर्ज वेळेत टाकलेला, आणि तिकडून काहीच नाही. मेल टाकला की आपोआप उत्तर यायचं, मेल मिळाला, परत परत विचारू नका, त्यानं उशीर होतो. आणि तिकडं परभणीत धाकट्या भावाचं लग्न, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख, गुरुजींनी काढलेली, मंगल कार्यालय बुक, आचारी ठरलेला. आई रोज, "कधी यायलीस ते सांग की, पाहुण्यांना सांगायचंय." आता आईला काय सांगू की इथली एक बाई एका चौकोनात फुली मारेल, मग सांगते?

चौकोनाचं खरंच आहे. कार्ड लांबलं की फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा एक कागद देतात, घडीचा, हिरवट, आत तुमच्या नावाचं स्टिकर. त्यात तीन चौकोन असतात. पहिल्यावर फुली असेल तर तुमचं इथं राहणं कायदेशीर आहे पण बाहेर गेलात तर त्या कागदावर परत येता येत नाही. दुसरा त्याहून कमजोर, नुसतं तुम्हाला लगेच बाहेर काढणार नाहीत एवढंच. तिसरा चौकोन म्हणजे कलम 81 पोटकलम 4, त्यावर फुली असली की जुनं कार्ड चालू आहे असं धरतात, नोकरी चालू, जाणंयेणं चालू. अर्ज जुनं कार्ड संपायच्या आधी टाकलेला असेल तर तिसरा मिळायला पाहिजे. मला बाईंनी कागद दिला तसा मी काउंटरवरच उभ्या उभ्या उघडला आणि आधी तिसरा चौकोन बघितला, फुली होती, तिथूनच आईला फोन लावला.

लग्न झालं, छान झालं. परत येताना मुंबई एअरपोर्टला चेक-इनच्या पोरानं कार्डावरची संपलेली तारीख बघितली आणि सुपरवायझरला बोलावलं, त्यांनी तो कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, कुणाला तरी फोन, मागची रांग चुळबुळ करायली, माझ्या बॅगेत आईनं दिलेला धपाट्यांचा डबा आणि माझ्या कपाळावर घाम. शेवटी सोडलं. तर असा कागद घेऊन जाणार असाल तर जुनं कार्डही सोबत ठेवा आणि जमलं तर थेट फ्लाइट घ्या, मधे तिसऱ्या देशात कुणाला हा कागद समजावत बसायचा?

नोकरी गेली तर काय, हे कुणीच विचारत नाही, विचारायला पाहिजे. फोक्सवॅगननं 2024 च्या डिसेंबरात जाहीर केलंय की 2030 पर्यंत जर्मनीत 35,000 च्या वर नोकऱ्या कमी करणार, त्यामुळं मेकॅनिकलवाल्यांनी तर नक्कीच विचारावं. नोकरी सुटली की दोन आठवड्यांत स्वतः ऑफिसला कळवायचं, कंपनीही कळवतेच. कार्डाला दोन वर्षं झालेली नसतील तर दुसरी नोकरी शोधायला तीन महिने, झाली असतील तर सहा. पहिल्या वर्षात स्वतःहून नोकरी बदलली तरी कळवावं लागतं. आणि युरोपियन कार्ड आहे म्हणून उठून नेदरलँडला कामाला जाता येत नाही, बारा महिने इथं काढून मग तिकडं वेगळा अर्ज. डेन्मार्क आणि आयर्लंड तर ह्या योजनेत नाहीतच.

आता मामांचा प्रश्न. कायम व्हायला 27 महिने ब्लू कार्डवर काम, तेवढेच महिने पेन्शनचे पैसे भरलेले आणि ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या लेव्हलचं, जर्मन. बी-वन, म्हणजे मधली लेव्हल, केलं तर 21 महिन्यांतच. वर इथल्या कायद्यावर आणि समाजावर एक परीक्षा, 33 प्रश्न, 15 बरोबर आले की पास, आपल्या पोरांना ती काहीच नाही. म्हणजे सगळा फरक भाषेचा आहे, आणि आपली पोरं नेमकं तिथंच आळस करतात, ऑफिसात इंग्लिश चालतं म्हणतात. ऑफिसात चालतं रे, आउसलँडर ऑफिसात नाही चालत. परभणीत असतानाच ऑनलाइन ए-वन सुरू करा, इथं आल्यावर नोकरी, स्वयंपाक, भांडी करून रात्री क्लासला बसणं लई अवघड जातं.

लग्न झालेल्यांसाठी एक चांगलं की ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला यायच्या आधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्यावर कुठंही काम करता येतं. लग्न नोंदवलेलं पाहिजे मात्र, पत्रिका आणि फोटो चालत नाहीत.

ऑफर लेटर दाखवायचं असेल तर पाठवा, बघते, फक्त त्यात ब्रुटो, प्रोबेशन आणि कामाचं वर्णन ही पानं आली पाहिजेत, नुसत्या पहिल्या पानाचा फोटो पाठवू नका. आणि सकाळी उठल्या उठल्या फोन लावू नका, उन्हाळ्यात आम्ही साडेतीन तास मागं असतो, हिवाळ्यात साडेचार.