अर्जुनसाल : आमची वाटचाल

नागपुरात 2012 साली व्यवसाय सुरू करताना वनौषधींची लांबलचक यादी न करता अर्जुनसाल या एकाच द्रव्यावर काम करायचे, असे आम्ही ठरवले. आयुर्वेदाचार्य वाग्भटांनी सुमारे सातव्या शतकात हृदयरोगावर अर्जुन सांगितला, ‘चक्रदत्त’ या आयुर्वेदिक ग्रंथात तो दुधात सिद्ध करून देण्याची योजना आली, आणि वैनगंगेच्या खोऱ्यात हा वृक्ष आजही नदीनाल्यांच्या काठाने उभा आहे. असे असूनही सुरुवातीला व्यापाऱ्यांकडून आमच्याकडे आलेल्या गोण्यांमध्ये अर्जुनाबरोबर त्याच कुळातील ऐनाची साल मिसळलेली असे. अर्जुनाची साल बाहेरून गुळगुळीत व राखाडी-पांढरट आणि आतून गुलाबी-तांबूस असते. ऐनाची काळपट, खोल भेगांनी चौकटी पडलेली असते. मात्र एकदा चूर्ण झाले की डोळ्यांनी हा फरक कळणे कठीण, म्हणून आम्ही चूर्ण विकत घेणे पूर्णपणे बंद केले आणि अखंड साल आणून, निवडून, स्वतः दळू लागलो.

साल कुठून येते यापेक्षा ती कशी काढली जाते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बुंध्याभोवती पूर्ण वेढा घालून साल सोलली तर झाड वाळते, आणि गडचिरोली, भंडाऱ्याकडे ज्या झाडांवर टसर रेशमाचे किडे पाळले जातात त्यांत अर्जुनही असल्याने ते नुकसान दुसऱ्या कुणाच्या तरी उपजीविकेचे होते. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांकडून आम्ही माल घेतो. बुंध्याच्या एकाच बाजूची उभी पट्टी काढायची, आतला ओलसर थर झाडावर तसाच राहू द्यायचा आणि जखम भरून येईपर्यंत त्या झाडाला पुन्हा हात लावायचा नाही, हे खरेदीच्या बोलणीतच ठरते. अशा मालाचा दर अर्थातच जास्त पडतो आणि तो आम्ही देतो.

आमचे बहुतेक ग्राहक साठीच्या पुढचे आहेत. वयाबरोबर महाधमनीच्या भिंतीतील लवचीक तंतू झिजतात, त्यांची जागा ताठर कोलॅजेन घेते आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून पाझरणारे, वाहिनी सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड कमी होते. वरचा रक्तदाब वाढण्यामागे हे मोठे कारण असते. अर्जुनसालीत टॅनिन, फ्लॅव्होनॉइड आणि अर्जुनोलिक आम्लासारखी ट्रायटर्पीन द्रव्ये आहेत, व प्रयोगशाळेत त्यांचे ऑक्सिडीकरणविरोधी गुण दिसले आहेत. परंतु प्रयोगशाळा म्हणजे रुग्ण नव्हे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर 12 आठवडे अर्जुनसालीचा जलीय अर्क देऊन पाहिला, तेव्हा काहींची लक्षणे व कार्यक्षमता सुधारली, पण हृदयाची रक्त पंप करण्याची क्षमता वाढली नाही. हा निष्कर्ष आम्ही विक्रेत्यांना स्वतःहून सांगतो.

यामुळे काही विक्रेते आमच्यापासून दूर गेले. पाकिटावर ‘ब्लॉकेज उघडते’ असे छापा, म्हणजे माल उठेल, असा एका वितरकाचा आग्रह होता. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या 1954 च्या कायद्याने हृदयरोग व रक्तदाब बरा करण्याची जाहिरात करण्यास मनाई आहे. पण कायदा नसता तरी असे वाक्य आम्ही छापले नसते, कारण ते वाचून एखाद्या आजोबांनी रक्त पातळ ठेवण्याची गोळी बंद केली तर त्याची भरपाई कोणत्याही विक्रीने होणार नाही. चालू औषधे थांबवू नयेत आणि वैद्य व हृदयरोगतज्ज्ञ दोघांनाही विचारूनच सेवन सुरू करावे, ही सूचना आमच्या पाकिटावर नावाखालोखाल ठळक अक्षरांत असते.

क्षीरपाकासाठी, म्हणजे साल दुधात सिद्ध करण्यासाठी, बारीक चूर्णापेक्षा भरड सोयीची, कारण ती गाळता येते. एक भाग भरड, आठ भाग दूध आणि बत्तीस भाग पाणी मंद आचेवर ठेवून केवळ दूध उरेपर्यंत आटवायचे असते. सध्या प्रत्येक पाकिटावर साल काढल्याचा महिना आणि ग्रामसभेचे नाव देण्याचे काम सुरू असून, येत्या हंगामापासून दळलेल्या प्रत्येक खेपेतील अर्जुनोलिक आम्लाचे प्रमाणही बाहेरच्या प्रयोगशाळेतून तपासून घेणार आहोत.