चंद्रावरची वसाहत आणि घरातला नळ

1976 साली आठवीत असताना मराठीच्या बाईंनी निबंधाला विषय दिला : ‘इ.स. 2000 मधील मुंबई’. गिरण्यांचे भोंगे तेव्हा चालू होते. मुंबई दूरदर्शन सुरू होऊन जेमतेम चार वर्षं होत होती आणि ‘आर्यभट्ट’ आदल्याच वर्षी अवकाशात गेला होता. वर्गातल्या बहुतेक वह्यांत चंद्रावर वसाहत, उडत्या मोटारी, जेवणाऐवजी गोळी आणि धुणंभांडी करणारा यंत्रमानव होता.

बाईंनी वाचून दाखवला तो निबंध मात्र वेगळाच होता. आमच्यातल्या एकीने लिहिलं होतं की 2000 साली चाळीतल्या प्रत्येक खोलीत नळ असेल, दिवसभर पाणी येईल आणि आईला पहाटे उठून पिंप भरावं लागणार नाही. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, “हिने घरात बघून लिहिलंय. तुम्ही मासिकात बघून लिहिलंत.”

पुढे इंजिनियर होऊन मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले आणि बाईंचं म्हणणं रोजच्या कामात दिसू लागलं. सुरुवातीला माझ्या वाट्याला स्ट्रोजर यंत्रणा आली, म्हणजे हलत्या यांत्रिक भागांनी फोन जोडणारी जुनी यंत्रणा. डायल फिरवून सोडली की जितका आकडा तितके विजेचे ठोके तारेतून येत आणि प्रत्येक ठोक्याला सिलेक्टर, म्हणजे पुढची तार निवडणारा भाग, एकेक पायरी वर चढे. ऐन कामाच्या वेळी त्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. मला तो आवाज फार आवडायचा. प्रत्येक खटक्यामागे कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं.

टेलिफोनचं भविष्य म्हणून जगात तेव्हा चित्र दिसणारा फोन दाखवला जाई. अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीने तो 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात मांडलाही होता. महाग होता, चालला नाही. आमच्याकडे फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबलेल्या माणसाला चित्र नको होतं. ऑपरेटरकडून जोडून घ्यायच्या परगावच्या ट्रंक कॉलसाठी ताटकळत न बसता गावी आईशी दोन शब्द बोलता यावेत, एवढीच त्याची मागणी. हातात धरून चालता चालता बोलायचा फोन मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर वापरून दाखवला तो 3 एप्रिल 1973 रोजी, म्हणजे आम्ही निबंध लिहिण्याच्या तीन वर्षं आधी! आमच्या एकाही वहीत तो नव्हता. भारतात मोबाइल आला 1995 मध्ये, पण तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडत. 2003 मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि मग तो भाजीवालीच्या, कडियाच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या हाती गेला. गरज त्यांची होती, म्हणून तो टिकला आणि पसरला, असं मला ठामपणे वाटतं.

शाळेचं म्हणून एक सांगते. 1900 च्या सुमारास फ्रान्समध्ये ‘2000 सालचं जग’ दाखवणारी चित्रं छापली होती. त्यातल्या वर्गात गुरुजी यंत्रात पुस्तकं टाकतायत, एक मुलगा दांडा फिरवतोय आणि वायरींमधून ज्ञान बाकांवरच्या मुलांच्या डोक्यात जातंय. यंत्र नवं, पण मुलं तशीच गप्प बसलेली. आज कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवणार म्हणून जी चित्रं रंगवली जातात, त्यांतही मूल प्रश्न विचारताना मला क्वचितच दिसतं. याची मला खरोखर काळजी वाटते.

आमच्या शाळेच्या महोत्सवाच्या निमित्ताने आठवीच्या मुलांनी ‘2050 मधील मुंबई’वर लिहिलेले निबंध मला वाचायला मिळाले. मंगळ आहे, रोबो आहेत. ते मोबाइलवर पाहिलेलं आहे. पण एकाने लिहिलंय की पावसात तुंबणाऱ्या दादरच्या हिंदमाताला पाणी भरायच्या तासभर आधी गल्लीगल्लीची खबर मिळावी, म्हणजे बाबांचा टेम्पो अडकणार नाही. एकीला हवंय, लोकल फलाटावर यायच्या आधीच कुठल्या डब्यात उभं राहायला जागा आहे ते कळावं. तिच्या मावशीला दिवस गेलेत. हे दोन निबंध मी पुन्हा पुन्हा वाचले.

चंद्रावर वसाहत झाली नाही. मैत्रिणीच्या चाळीच्या जागी टॉवर आहे, तिच्या घरात नळ आहे. पण याच मुंबईत कितीतरी बायका अजून पहाटे हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात. तिचा निबंध अर्धाच खरा झालाय.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी डायलचा एक जुना फोन आणि स्ट्रोजरचा सिलेक्टर मी दिला आहे. मुख्याध्यापिका बाईंना विनंती, की या दोन्ही वस्तू काचेच्या कपाटात ठेवू नयेत. मुलांना स्क्रू काढू द्या, ठोके मोजू द्या. आणि हिंदमातावाल्या मुलाला पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर जोडून बघायचा असेल, तर शनिवारी शाळा सुटल्यावर मी येईन. सोल्डरिंगचं सामान माझ्याकडे आहे.